लऊळपर्यंत आलेला देव



गेली चार वर्षे मी कीर्तनाला उभा राहत नाही, हे आपल्यापैकी काही जणांना ठाऊक आहे. वय झाले म्हणून थांबलो असे लोक म्हणतात, आणि मीही तसेच म्हणू देतो. खरे कारण कान आहे. मागे टाळकरी चाल लावतात ती अर्धी ऐकू येते, अर्धी अंदाजाने धरावी लागते. पखवाजाची थाप पायाखालच्या सतरंजीतून कळते, पण स्वर कुठे लागला ते कळत नाही. एकदा काल्याच्या कीर्तनात मी एका पट्टीत आणि मागची मंडळी दुसऱ्या पट्टीत, असा प्रसंग झाला. कोणी काही बोलले नाही. त्या दिवशी वीणा उतरवली ती उतरवली.

मग कानात मशीन आले आणि एक नवे जग कळले. घरी कोणी आले की माझ्याकडे बघून हसतात, नमस्कार करतात आणि मुलाला विचारतात, "महाराजांना चहा चालतो का?" मी तिथेच बसलेला असतो. चहा मला चालतो, साखर चालते, आणि प्रश्नही चालतो, पण तो मला विचारलेला. चाळीस वर्षे मी बोललो आणि लोकांनी ऐकले. एक कान कमी झाल्याबरोबर मी माझ्याच घरात तिसरा पुरुष झालो. हे पहिल्यांदा झाले त्या रात्री मला झोप लागली नाही. रागाने नव्हे. मला आमचे आंधळे आबा आठवले, आणि आणखी एक तरुण आठवला, ज्याची गोष्ट मी आजवर कोणत्याही कीर्तनात सांगितलेली नाही. ती पुढे येईलच.

आंधळे आबा म्हणजे माझ्या आजोबांचे सख्खे मोठे भाऊ. जन्मांध. आमच्या घरात त्यांना सगळे आंधळे आबाच म्हणत, त्यांच्या तोंडावरही, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. त्यांनाही वाटत नसे, असे आम्ही समजत होतो. ओसरीच्या टोकाला, गोठ्याच्या भिंतीला लागून त्यांचे घोंगडे असे. दिवसभर अंबाडीचे दोर वळायचे आणि दिवेलागणीला आम्हा पोरांना भोवती बसवून हरिपाठ म्हणायचा. त्यांना अक्षर ओळख असण्याचा प्रश्नच नव्हता, पण हरिपाठ, काकड्याचे अभंग, वाराचे अभंग सगळे मुखोद्गत. माझा हरिपाठ त्यांच्या तोंडून शिकलेला आहे. मी पुढे आळंदीला शिकायला गेलो तेव्हा गुरुजींनी विचारले, चाल कोणाची? मी सांगितले, आबांची. गुरुजी म्हणाले, चाल शुद्ध आहे.

पुढे खूप वर्षांनी शेताच्या कामासाठी मी तलाठी कार्यालयातून जुने फेरफार काढले. आजोबांच्या पिढीची वाटणी झाली तेव्हाची नोंद त्यात होती. तीन भावांची नावे होती. आबा चौथे होते, आणि थोरले होते. त्यांचे नाव त्या कागदावर कुठेच नव्हते. मला वाटले, भावांनी भावाला फसवले. वडील हयात होते, त्यांना विचारले. ते म्हणाले, फसवले नाही रे, कायदाच तसा होता.

वडील खरे बोलत होते. माउली, इथे जरा शास्त्राकडे वळावे लागेल, कारण आपण वारकरी मंडळी संतवचनावर जगतो आणि शास्त्राचा भाग पंडितांवर सोडून देतो. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारसा कोणाला मिळू नये याची यादी आहे. तीत जन्मांध आहे, जन्मबधिर आहे, मुका आहे, वेडा आहे. याज्ञवल्क्य स्मृतीतही तसेच आहे, आणि तिथे पांगळाही आहे. याज्ञवल्क्यावर मिताक्षरा ही टीका लिहिणारा विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारातला, म्हणजे आपल्या माउलींच्या आधी दीडेकशे वर्षे. ते कल्याण म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. महाराष्ट्रातले बहुतेक वारसाहक्क शतकानुशतके याच मिताक्षरेने ठरले. अशा माणसाला हिस्सा नाही, पण त्याला उपाशी ठेवायचे नाही, पोटापुरते दिलेच पाहिजे, असा तो नियम. त्याला निर्दोष मुलगा झाला तर त्या मुलाला मात्र हिस्सा मिळावा. म्हणजे बापाच्या देहावरून बापाचा हक्क गेला आणि मुलाच्या देहावरून तो परत आला. मधल्या माणसाचे मन, त्याची बुद्धी, त्याने म्हटलेला हरिपाठ, कशाचाच हिशेब नाही.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की त्याच मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात अंगाने कमी असलेल्याला त्यावरून हिणवू नये अशी आज्ञा आहे. बोलू नका, पण देऊही नका! आमच्या घरात दोन्हीची उलट झाली. दिले नाहीच, आणि आंधळा मात्र रोज म्हटले.

इंग्रजी न्यायालयांनी हाच नियम उचलला आणि त्याची अधिक बारीक चाळण केली. अंधत्व जन्मापासूनचे असले तरच हिस्सा जातो, नंतर आलेले असले तर जात नाही, असे ठरले. त्या काळी गावोगाव देवीच्या साथीत डोळे गेलेली माणसे होती. आमच्या आबांचे डोळे देवीने नेले असते तर त्यांना चौथा हिस्सा मिळाला असता. आईच्या पोटातून तसेच आले म्हणून मिळाला नाही. पुढे १९२८ साली या अपात्रता काढून टाकणारा कायदा झाला. जन्मतःच वेडसर असलेल्याला तेवढे बाहेर ठेवले आणि बाकीच्यांचा हक्क मान्य झाला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तेही संपवले. रोग, व्यंग किंवा विद्रूपता यांवरून कोणालाही वारसा नाकारता येत नाही, असे त्यात स्पष्ट आहे. आमच्या घरची वाटणी १९२८ च्या पाच-सहा वर्षे आधीची. आबा वारले १९६२ मध्ये. म्हणजे हक्क मान्य झाल्यानंतर ते चौतीस वर्षे जगले. त्या चौतीस वर्षांत घरातल्या एकाही माणसाला, ज्यात माझे सज्जन आजोबाही आले, जुनी वाटणी पुन्हा बघावी असे वाटले नाही. कायद्याची तशी सक्ती नव्हती. कायदा म्हणत नव्हता म्हणून आम्हीही म्हटले नाही.

सरकारने त्यांना मोजले तरी का? इंग्रजांच्या खानेसुमारीत १८८१ पासून १९३१ पर्यंत दर खेपेला आंधळे, मुके-बहिरे, वेडे आणि महारोगी यांची वेगळी गणती होती. पुढे तो रकानाच गेला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या तिन्ही जनगणनांत तो नाही. १९८१ साली एकदा आला, १९९१ मध्ये पुन्हा गेला, आणि २००१ पासून परत आला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात सुमारे २ कोटी ६८ लाख आणि आपल्या महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार माणसे अपंग आहेत. आषाढीला पंढरीत जमणारा समाज डोळ्यांसमोर आणा, आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट माणसे कल्पून पहा. एवढी माणसे आपल्या गावांत आहेत, घरांत आहेत. मग दिंडीत किती दिसतात?

मुंबईत मुक्या-बहिऱ्यांची शाळा १८८५ साली निघाली, आणि १९०० च्या सुमारास मिशनच्या बाईंनी अंध मुलांची शाळा काढली. आबा तेव्हा आठ-दहा वर्षांचे असतील. आमच्या गावात त्या शाळेची वार्ताही आली नाही. आली असती तरी कोणी धाडले असते असे मला वाटत नाही.

आता आपल्या घरात येऊ. आपल्या म्हणजे संप्रदायाच्या. पैठणचे कूर्मदास आपणा सर्वांना माहीत आहेत. हात कोपरापर्यंत, पाय गुडघ्यापर्यंत. कूर्म म्हणजे कासव. हे नाव आईबापांनी बारशाला ठेवले असेल का, की गावाने देह बघून ठेवले, असा प्रश्न मला अलीकडे पडतो. महिपतीबाबांनी भक्तविजयात त्यांची कथा दिली आहे. पैठणला कीर्तनात पंढरीचे वर्णन ऐकले आणि ते निघाले. चालता येत नाही म्हणून पोटावर सरपटत निघाले. वाटेत लोकांनी विचारले असेलच, अरे तुला कसे जमणार? आपण सगळे विचारतो तसे. काळजीने विचारतो, पण त्यात 'तू घरीच रहा' हेही असते. कूर्मदास सरपटत लऊळपर्यंत आले. हे लऊळ माढा तालुक्यात, कुर्डुवाडीजवळ. तिथून पंढरी काही कोसांवर. पण देह फुटला, एकादशी तोंडावर आली, आणि पुढे जाणे होईना. तेव्हा त्यांनी वारीला निघालेल्या मंडळींबरोबर देवाला निरोप धाडला, की मला काही येता येत नाही, तूच ये.

या निरोपावर मी आयुष्यात शेकड्याने निरूपणे केली. भाव किती मोठा, असे सांगितले. श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आणले. पण पुढे काय झाले इकडे नीट बघितले नाही. देव निघाला. बरोबर ज्ञानोबा आणि नामदेव होते. वाटेत अरणला सावतोबांच्या मळ्यात थांबला, तिथे लपण्याचा खेळ झाला, सावतोबांनाही बरोबर घेतले आणि सगळे लऊळला आले. देवाने कूर्मदासांना भेट दिली आणि तिथेच राहिला. आजही लऊळला देऊळ आहे.

माउली, या कथेत कूर्मदासांना हात फुटत नाहीत. पाय फुटत नाहीत. हे माझ्या ध्यानात यायला सत्तर वर्षे लागली.

गोरोबाकाकांचे हात गेले आणि पंढरीत कीर्तनात टाळी वाजवताना परत आले. कुब्जेचे कुबड कृष्णाच्या स्पर्शाने सरळ झाले. आपण मंगलाचरणात मुक्याला बोलका करणाऱ्या आणि पांगळ्याला डोंगर चढवणाऱ्या माधवाला वंदन करतो. या कथा गोड आहेत, मीही त्या प्रेमाने सांगितल्या. पण त्या सांगताना समोर जो कोणी कुबड्या घेऊन बसलेला असतो त्याला काय ऐकू येत असेल? देवाची कृपा झाली की देह सरळ होतो. तुझा झालेला नाही. मग तुझी भक्ती कमी, की तुझे पाप जास्त? हे वाक्य आपण म्हणत नाही, पण तो ते ऐकतो. कूर्मदासांच्या कथेत देवाने भक्ताला बदलले नाही. रस्ता बदलला. भक्ताला जिथवर येणे शक्य होते तिथवर देव स्वतः आला. मला वाटते, ही कथा बाकीच्या सगळ्या चमत्कारांच्या पुढची आहे, आणि आपण ती चमत्काराच्याच टोपलीत टाकली.

आता नाथांच्या भारुडांकडे येतो, आणि माझ्या गोष्टीकडे. एकनाथ महाराजांनी आंधळा, पांगळा, बहिरा, मुका अशी रूपके घेतली. नाथ स्वतः ते सोंग घेतात. मुका मी झालो, बहिरा मी झालो, असे म्हणून संतांची निंदा केली, परमार्थ ऐकला नाही, अशी स्वतःच्या तोंडून कबुली देतात. आंधळा म्हणजे आत्मज्ञानाला न बघणारा. त्यात डोळस श्रोत्याचे अंधत्व त्याला दाखवायचे आहे. नाथ सोळाव्या शतकातले. त्यांच्या समोरच्या श्रोत्याला व्यंग हे मागच्या जन्मीच्या कर्माचे फळ वाटत होते, आणि रूपक त्याच समजुतीवर उभे आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण नाथांनी बोट स्वतःकडे वळवले.

आम्ही ते समोर वळवले. मी पंचविशीत होतो तेव्हा सोंगी भारुडाला गावोगाव मागणी होती. पांगळ्याचे सोंग मला फार छान जमायचे. एक पाय आत वळवून, गुडघ्यावर हाताचा दाब देत मी मंडपात यायचो. शब्द सुरू होण्याआधीच हशा सुरू. नाथांचा अर्थ शेवटी दोन मिनिटे, आणि चाल अर्धा तास. एका गावी सप्ताहात असेच भारूड झाले. संपल्यावर लोक पाया पडायला आले, त्यात एक तरुण होता. पोलिओने पाय गेलेला, पितळी कड्यांचे बूट घातलेला. सप्ताहात सात दिवस पंगतीला पाणी वाढण्याचे काम त्याच्याकडे होते. मला खाली वाकून नमस्कार करायला त्याला वेळ लागला. उठून म्हणाला, "महाराज, चाल अगदी माझ्यासारखी जमली तुम्हाला. शाळेतली पोरंसुद्धा इतकी हुबेहूब काढत नव्हती."

तो हसत होता. त्याला मला टोचायचे होते, की खरेच कौतुक करायचे होते, हे मला अजून सांगता येत नाही.

त्या दिवसापासून मी ते सोंग सोडले, असे लिहिले असते तर गोष्ट शोभली असती. मी सोडले नाही. पुढे दोन वर्षे केले. लोक मागत होते, बिदागी चांगली होती, आणि नाथांचे भारूड आहे, त्यात काय वाईट, असे मनाला समजावणे सोपे होते. मग हळूहळू चाल कमी केली, आणि एके वर्षी ते भारूड घेणेच बंद केले. कोणी विचारले तर म्हणायचो, गुडघे दुखतात.

२०१६ साली अपंगांच्या हक्कांचा नवा कायदा झाला. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व होते, ते यात एकवीस झाले. त्याच कायद्यात आहे, की लोकांसमोर अपंग माणसाचा मुद्दाम पाणउतारा केला तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद. एका ओळखीच्या वकिलांनी हे वाचून दाखवले तेव्हा मी त्यांना माझ्या भारुडाचे विचारले. ते म्हणाले, महाराज, तुमचा हेतू अपमानाचा नव्हता, काळजी करू नका. मला काळजी शिक्षेची नव्हती. पुढे जुलै २०२४ मध्ये एका चित्रपटाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विनोदाचे दोन प्रकार वेगळे केले. एका विनोदाने अपंग माणूस हलका ठरतो, आणि दुसऱ्याने त्याचे जगणे समजते. वर्तमानपत्रात ते वाचताना मला नाथ एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला दिसलो.

अष्टावक्राचा दृष्टांत तर आपण सगळेच देतो. आठ ठिकाणी वाकडा देह, जनकाच्या सभेत लोक हसले, आणि तो म्हणाला, मला वाटले इथे ज्ञानी बसले आहेत, ही तर कातडे पारखणारी माणसे निघाली. त्या उत्तरावर टाळ्या पडतात. महाभारताच्या वनपर्वात अष्टावक्र आहे, पण हे उत्तर मागाहूनच्या सांगण्यात जोडले गेले. आणि त्यातला हीनपणा बघा. स्वतःची लाज झाकायला चर्मकाराच्या कामाला हलके ठरवले. रोहिदासांना संत मानणाऱ्या संप्रदायात तो दृष्टांत आपण कसा काय पचवतो? एकाला वर घ्यायला दुसऱ्याला खाली लोटायची आपली सवय फार जुनी आहे.

तशीच बोलण्याचीही सवय. लंगडी सबब, आंधळा कारभार, वासरात लंगडी गाय, आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते. माझ्या कीर्तनांतून ही वाक्ये काढली तर निम्मा उत्तरपक्ष ओस पडेल! सगळी म्हण टाकून द्या असे मी म्हणत नाही, भाषा काही अशी धुऊन निघत नाही. पण समोर कोण बसले आहे ते तरी बघावे. शब्दांचेही तेच. अपंग होते, विकलांग झाले, २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी दिव्यांग सुचवला आणि सरकारी पाट्या बदलल्या. माझ्या परिचयातल्या काहींना तो आवडतो, काहींना अजिबात आवडत नाही. आमच्या दिंडीतले एक अंध टाळकरी म्हणायचे, "माझ्या डोळ्यांत दिव्य काही नाही हो महाराज, नुसता अंधार आहे. मला आपले नावाने हाक मारा."

या टाळकऱ्यांची एक आठवण. दिवेघाट चढून दिंडी विसाव्याला टेकली होती. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि घाम पुसत होते. रस्त्याने जाणाऱ्या एका बाईंनी हात जोडले आणि त्या टोपीत पाच रुपयांचे नाणे टाकले. आमच्यापैकी दहा जण तिथे तसेच बसलेले, कोणाच्या टोपीत काही पडले नाही. ते चाचपून म्हणाले, "माउली, तुमचे काही पडले बघा." बाई म्हणाल्या, "असू द्या बाबा, तुमच्यासाठीच." ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "मी भिशी भरलेली आहे, बाई. आमच्या दिंडीत सगळे भरतात." बाई वाईट नव्हत्या. दीन, अंध, कृपण हे शब्द आपल्या दानधर्मात इतके एकमेकांना चिकटलेले आहेत, की अंध दिसला की हात खिशाकडे जातो. वारकरी दिसला की तो पायांकडे जातो. त्यांच्या बाबतीत पहिले आधी झाले.

विदर्भातल्या वाचकांना आता गुलाबराव महाराजांची आठवण आली असेल. अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळीला १८८१ साली जन्म. नऊ महिन्यांचे असताना डोळ्यांवर चुकीचा उपचार झाला आणि दृष्टी गेली. चौतीसाव्या वर्षी, १९१५ मध्ये पुण्यात देह ठेवला. स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवणाऱ्या या पुरुषाने एवढ्या आयुष्यात सव्वाशेहून अधिक ग्रंथ रचले. वेदान्त, संगीत, आयुर्वेद, पाश्चात्त्य विचारवंतांचे खंडन, काही सोडले नाही. आपण त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतो, आणि चमत्कार म्हणून हात जोडतो. महाराजांची प्रज्ञा लोकोत्तर होतीच. पण मला त्या ग्रंथांमागे आणखी काही दिसते. कोणीतरी त्यांना ग्रंथ वाचून दाखवत होते, रात्ररात्र. कोणीतरी ते सांगतील तसे उतरवून घेत होते. त्यांना अंधारात दिसत होते असे सांगितले की आपण मोकळे होतो. शेजारच्या अंध मुलीला रोज तासभर वाचून दाखवायचे म्हटले की मोकळे होता येत नाही. आमच्या आबांना कोणी ज्ञानेश्वरी वाचून दाखवली असती तर? ते माझ्या वडिलांना म्हणत, "अरे, तेवढा बारावा अध्याय वाच ना." वडील म्हणत, "सुगी होऊ दे." आणि सुगी दर वर्षी असे.

गाडगेबाबांना मात्र हे कळले होते. त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न आणि तहानेल्याला पाणी यांच्याबरोबरीने अंध, पंगू, रोगी यांना औषधोपचार आहे. हा माणूस पंढरीला येऊन देवळात जात नसे. धर्मशाळा झाडत असे. महारोग्यांसाठी अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन काढले, वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन काढले, तेव्हा कुष्ठरोग्यांना वेगळे काढून ठेवण्याचा १८९८ चा कायदा देशाच्या पुस्तकात होताच. तो अखेर २०१६ मध्ये रद्द झाला. संतांच्या मागे कायदा किती मंद चालतो, असे मी पूर्वी म्हटले असते. आता म्हणवत नाही. आमच्या घरात कायदा पुढे गेला होता आणि हरिपाठ म्हणणारे आम्ही मागे राहिलो होतो.

एक गोष्ट राहिली, ती लहान आहे. लग्नाला पाहुणे बघायला येतात तेव्हा घरातल्या अपंग मुलीला मागच्या खोलीत बसवतात. बहिणीचे लग्न मोडू नये म्हणून. आपल्या वारकरी घरांतही बसवतात, मी बघितले आहे. एकदा तर अशा बैठकीत मध्यस्थ म्हणून मीच होतो, आणि आतून भांडे पडल्याचा आवाज आला तेव्हा यजमानांच्या आधी मीच म्हणालो, मांजर असेल.

आमच्या गावच्या विठ्ठल मंदिराला अकरा पायऱ्या आहेत. १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणाने पंढरीचे दार दलित बांधवांना उघडले, तेव्हा आमच्या गावच्या मंडळींनीही काही महिन्यांनी उघडले, याचा आम्हाला अभिमान आहे. त्या पायऱ्या मात्र कोणाला दिसल्या नाहीत. मागच्या वर्षी माझे गुडघे सहाव्या पायरीवर थांबले तेव्हा मला दिसल्या. मी विश्वस्तांना म्हटले, उजव्या अंगाला उतार करू. एक जण म्हणाला, "महाराज, तुमच्यासाठी पोरं खुर्ची उचलून आणतील की." मी म्हटले, "मला देवाला भेटायचे असेल तेव्हा पोरं घरी असतीलच असे नाही." काम या चैत्रात झाले. उताराला लागलेली विटा-सिमेंटची रक्कम माझ्या शेवटच्या सप्ताहाच्या बिदागीएवढी निघाली. पहिल्या दिवशी त्यावरून कोण आले असेल? दूधवाला. किटली ओढत आला आणि म्हणाला, बरे झाले, पायऱ्यांवर सांडायचे.

कूर्मदासांच्या लऊळला मी वैशाखात जाऊन आलो. फार दिवसांत गेलो नव्हतो. सभामंडपात बसलो तेव्हा पुजाऱ्यांनी सवयीने माझ्या नातवाला विचारले, "बाबांना पुढे न्यायचे का?" नातू नववीत आहे. तो म्हणाला, "त्यांनाच विचारा, त्यांना मशीन लावले की ऐकू येते." पुजाऱ्यांनी विचारले. मी म्हटले, थोडा वेळ इथेच बसतो.

आबांचे टाळ माझ्याकडे आहेत. घराच्या वाटणीत भांडीकुंडी निघाली तेव्हा एका गोणपाटात सापडले. कोणाच्या हिश्शाला लावायचे ते ठरेना, कारण ते कोणाच्याच यादीत नव्हते. दोरी मी तीनदा बदलली. त्यांचे पाळण्यातले नाव काय होते ते सांगणारे आता आमच्या घरात कोणी उरलेले नाही.